मागच्या सीटची थरथर

गाडी सत्तरपर्यंत अगदी शहाण्यासारखी चालायची. सत्तर ओलांडले की तिच्या अंगात यायचं. आधी पायाखालचा पत्रा गुरगुरायचा, मग सीट थरथरायला लागायची, आणि पंचाहत्तरला आरसा असा काही हलायचा की मागच्या एका ट्रकचे दोन ट्रक दिसायचे. हे सगळे चाळे रविवारी. सोमवारी तिला गॅरेजमध्ये नेली की एकदम गरीब गाय. पाहुण्यांसमोर मुद्दाम शहाणं होणारं कार्टं जसं आईबापांना तोंडघशी पाडतं, तसं तिने जावईबापूंना पाडलं होतं.

जावईबापू हे गल्लीने ठेवलेलं नाव. सासूबाईंच्या घरात राहणारा, सासूबाईंची गाडी चालवणारा माणूस, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? बारशाचं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रारींच्या खिडकीवर. दिवसभर लोकांच्या नळांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यांच्यावर डाफरायचं, की अहो, अर्धवट तक्रार सांगू नका, सगळं सांगा, म्हणजे आम्हाला दोष सापडेल. हे वाक्य रोज शंभरदा म्हणणारा माणूस स्वतः मेकॅनिकसमोर उभा राहिला की काय करत होता, ते पुढे येईलच.

गाडी सासऱ्यांची. ते गेले, गाडी राहिली. उंच दरवाजे, मागे सोफ्यासारखी लांबलचक सीट, रंग सायीसारखा. आणि तिच्यावाचून अडलं होतं ते सासूबाईंचं. त्यांची धाकटी बहीण महामार्गावरच्या पुढच्या गावात अंथरुणाला खिळलेली. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण समजत सगळं होतं. तिच्याशी फोनवर काय बोलणार? पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. म्हणून सासूबाई दर रविवारी जायच्या, तिच्या उशाशी बसायच्या आणि आठवडाभराच्या साऱ्या भानगडी तिला तिखटमीठ लावून सांगायच्या. मग सासूबाई स्वतःच न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, महिनोन्‌महिने पलंगावर गेले. डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली ती एका अटीवर, की गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. आता नव्या गाड्या एक तर खड्ड्यासारख्या खोल, नाही तर शिडी लावून चढाव्यात इतक्या उंच. दोन्ही करून पाहिलं, दोन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा जायचं तर याच गाडीने, नाही तर नाही.

आणि ही गाडी सत्तरला थरथरत होती. सत्तरच्या खाली चालवून पाहिली, तर मागून ट्रक भोंगे वाजवत अंगावर येत. एकाने तर जाता जाता बाजूचा आरसा मुडपला. दुसरा रस्ता नव्हता, कारण नदीवर पूल एकच होता. दर रविवारी जावईबापू, बायको आणि सासूबाई अशी तिघं निघायची, दर रविवारी पुलाच्या अलीकडे मागून सासूबाईंचा आवाज यायचा, की फिरा मागे जावईबापू, पुढच्या रविवारी बघू. मग संध्याकाळी त्या बहिणीच्या सुनेचा फोन. सून बिचारी तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगायची, की आज बहीण येणार म्हणून त्या दाराकडे तोंड करून पडल्या होत्या, कूस बदलू देत नव्हत्या. हे ऐकलं की घरात कोणी कोणाकडे बघत नसे.

मेकॅनिकला सगळं गाव कानसेन म्हणायचं. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, कान देऊन तो दोष सांगायचा, आणि दहांत नऊ वेळा बरोबर सांगायचा. दहाव्या वेळी चुकला तर ती चूक गाडीची. सासूबाई पलंगावर होत्या तेव्हा उभ्या उभ्या गाडीचं बूड खाली बसलं होतं. त्यानेच मागचे कमानपाटे बदलून तिला पुन्हा ताठ उभी केली होती, आणि त्या कामाचा त्याला कोण अभिमान.

थरथरीची तक्रार ऐकून त्याने आधी रीतसर परीक्षा घेतली. खरं तर ती परीक्षा जावईबापूंनी रविवारीच घेऊन ठेवली होती, तीही कानसेननेच शिकवल्याप्रमाणे. वेग आला, थरथर सुरू झाली की गिअर काढून गाडी नुसती वाहू द्यायची. थरथर थांबली तर दोष इंजिनात. थांबली नाही. मग त्याच वेगाला खालचा गिअर टाकायचा. इंजिन बोंबलतं, पण थरथर होती तेवढीच राहिली. स्टिअरिंग शांत, म्हणजे पुढची चाकं निर्दोष. कानसेन म्हणाला, मग दोष गिअरबॉक्सच्या मागे. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारा तो लांब दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, त्याचे सांधे, नाही तर चाकं. इथपर्यंत सगळं शास्त्राला धरून होतं. इथून पुढे साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं.

मागची चाकं पुढे गेली, पुढची मागे आली. सगळ्या चाकांचा तोल काढून झाला. शाफ्ट काढून लेथवाल्याकडे गेला, तिथे त्याला फिरवून, शिशाचे तुकडे लावून त्याचाही तोल झाला. दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस नवे आले. दर कामानंतर कानसेन शेजारच्या सीटवर बसायचा, जावईबापू गाडी महामार्गावर काढायचे, सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी, आणि गाडी लोण्यासारखी पळायची. कानसेन खिडकीतून हात बाहेर काढून वाऱ्याला टाळी द्यायचा. मग यायचा रविवार, आणि पुलाच्या अलीकडे पायाखालचा पत्रा गुरगुरायला लागायचा.

तिसऱ्यांदा असं झाल्यावर कानसेन चिडला. गाडीला काही झालेलं नाही, तुमच्या डोक्याला झालंय, असं त्याने चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. जावईबापूही पेटले. तुमचे कान गेलेत, म्हणाले. त्या दिवशी दोघंही चहा न घेता वेगळे झाले, आणि त्या गॅरेजात असं आजवर झालं नव्हतं.

कोडं सुटलं ते स्वयंपाकघरात, आणि सुटलं म्हणूनच गुंता झाला. बायको भांडी विसळत होती. ती सहज म्हणाली, की गेल्या बुधवारी आपण दोघंच त्या लग्नाला गेलो, ऐंशीने गेलो, तेव्हा कुठे थरथरली? आणि तिचा हात थांबला. जावईबापूंचाही टॉवेल थांबला. रविवारी गाडीत असतं आणि इतर वारी नसतं असं काय आहे, हे दोघांनाही एकाच क्षणी कळलं. मागच्या सीटवर सासूबाई.

पलंगावर पडून पडून त्यांचं वजन वाढलं होतं. वाढणारच, त्यात काय मोठंसं. पण मध्यंतरी एक नातेवाईक बाई भेटायला आली आणि हसत हसत म्हणाली, की तुम्हाला उठवायला आता दोन माणसं लागत असतील नाही. त्यानंतर सासूबाई आठवडाभर रात्री जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या. म्हणूनच बायकोने ओले हात पदराला पुसले आणि हळू आवाजात बजावलं, "आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. आणि त्या कानसेनलाही सांगू नकोस, त्याचं तोंड म्हणजे चावडी आहे."

मग काय, अळीमिळी गुपचिळी. खरं तर गोष्ट साधी होती. मागे वजन आलं की गाडीचं बूड दबतं, आणि दबलं की खाली कुठेतरी काहीतरी वाकडं फिरतं. एवढं एक वाक्य कानसेनला सांगितलं असतं तर त्याला सुगावा लागायला तास लागला नसता. पण वाक्य बोलायचं कसं? ज्या बाईच्या छपराखाली राहायचं, तिच्या वजनाची चर्चा गॅरेजात करायची? कानसेनने दम देऊन विचारलं, की रविवारी वेगळं काय असतं ते नीट आठवून सांगा. जावईबापूंनी छपराकडे बघत सांगितलं, काही नाही, सगळं तेच. ऊन जरा जास्त असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी खिडकीवर एका म्हाताऱ्याने अर्धवट तक्रार सांगितली तेव्हा जावईबापू त्याच्यावर इतके ओरडले की साहेब केबिनमधून बाहेर आले. ओरडणं कुणासाठी होतं ते म्हाताऱ्याला काय माहीत.

आणखी एक रविवार फुकट गेला. सुनेने फोनवर सांगितलं, की आज त्यांनी दुपारी तोंडच उघडलं नाही, भरवू दिलं नाही. सासूबाईंनी फोन ठेवला आणि त्या आपल्या खोलीत जाऊन बसल्या. जावईबापूंना गाडीचा, कानसेनचा, त्या नातेवाईक बाईचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा संताप आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खायचा माणसाने?

शेवटी त्यांनी स्वतःच प्रयोग करायचं ठरवलं. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून वाळूची दोन पोती मागून आणली आणि मागच्या सीटवर, उजव्या बाजूला, सासूबाई बसायच्या नेमकी तिथे ठेवली. सीट मळू नये म्हणून खाली जुनी चादर अंथरली. वळणावर पोती घरंगळू नयेत म्हणून दोरीने बांधली. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या. गाडी महामार्गावर नेली. सत्तरला काही नाही. पंचाहत्तरलाही नाही. ऐंशीला पत्रा किंचित गुणगुणला, की भास झाला, कोण जाणे. एवढ्यावर कानसेनला काय सांगणार? वैतागून ते परत आले, गाडी अंगणात लावली आणि मागचं दार उघडून दोरी सोडायला वाकले.

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. हातात काठी. त्यांची नजर चादरीवरून पोत्यांवर गेली, पोत्यांवरून दोरीवर, आणि दोरीवरून जावयावर. वाळू बांधकामावरची आहे, म्हणजे एका मित्राला हवी होती, असं काहीतरी ते पुटपुटले. सासूबाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही.

"दोन पुरायची नाहीत," त्या म्हणाल्या. "अजून अर्धं टाका."

आणि काठी टेकत आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या, पण ताट आपल्या खोलीत मागवून. बायकोने जावईबापूंना स्वयंपाकघरात असं काही सुनावलं की लहानपणी मास्तरांनीही सुनावलं नसेल. आवाज तेवढा कुजबुजता. तिचंही बरोबर होतं, आणि हेही बरोबर होतं की त्यांनी केलं ते बायकोच्या त्या आजारी मावशीसाठीच केलं. पण दोन बरोबर गोष्टींची बेरीज इतकी वाईट येऊ शकते हे त्यांना त्या रात्री कळलं.

सकाळी ते कचेरीला निघाले तर सासूबाई तयार होऊन गाडीजवळ उभ्या. ठेवणीतली साडी, खांद्यावर शाल.

"गॅरेजला चला," त्या म्हणाल्या. "पोत्यांना बोलता येत नाही. कुठे काय हलतं ते मी सांगेन."

कानसेनला खरा प्रकार कळला तेव्हा त्याने आधी हातातला पाना आपटला. मग जावईबापूंवर जो सुटला, तो सासूबाई गाडीत बसल्या आहेत हेही विसरून. लेथवाल्याचे हेलपाटे, काढलेले क्रॉस, फिरवलेली चाकं, सगळं त्याने एकेक करून त्यांच्या तोंडावर फेकलं. वैद्याकडे जायचं आणि पोट दुखतंय हे सांगायचं नाही, वर वैद्यालाच बहिरा म्हणायचं. जावईबापूंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. तक्रारींच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

तिघं महामार्गावर गेली. कानसेन पुढे, सासूबाई मागे. सत्तरला त्या म्हणाल्या, टाचेखाली आलं. बहात्तरला म्हणाल्या, आता कमरेत. पंचाहत्तरला आरसा हलायला लागला, आणि कानसेनच्या चेहऱ्यावर इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा समाधान पसरलं. परत येऊन त्याने गाडी, खाली शिरून काम करायचा असतो त्या गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. गिऱ्हाईक गाडीत असताना खड्ड्यात उतरायचं नाही हा त्याचा नियम. तो त्याने स्वतःच मोडला, कारण वजन उतरवलं तर मोजायचं काय? सासूबाई वर सीटवर, तो खाली कोनमापक घेऊन, आणि जावईबापू मध्ये दिवा धरून.

बराच वेळ खालून नुसते खुडबुडीचे आवाज आले. मग तेही थांबले.

"इथे पाचरी होत्या," कानसेन म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

कमानपाटे आणि मागच्या चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडाच्या दोन तिरप्या पट्ट्या असतात, आसाचं तोंड शाफ्टच्या सरळ रेषेत राहावं म्हणून. त्या नसल्या की आसाचं तोंड वर होतं. पुढे दोन माणसं बसून चालवलं तर ते खपून जातं. मागे वजन आलं की तोंड आणखी वर जातं, शाफ्टचे सांधे वाकडे फिरतात आणि वेगात सगळी गाडी थरथरते. जावईबापूंनी विचारलं, कुणी काढल्या?

"मी," कानसेन खालून म्हणाला. कुणीतरी फट बुजवायला कोंबलेला कचरा समजून त्याने नवे पाटे भरताना त्या काढून टाकल्या होत्या. नव्या पाट्यांना असली ठिगळं कशाला, असं त्याला वाटलं होतं.

वरून सासूबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "म्हणजे सगळा दोष माझा नव्हता."

कानसेन वर आला आणि नवं लोखंड शोधायला लागला. त्याने नव्या पाचरी घासल्या, बसवल्या, मोजल्या, पुन्हा काढून जरा घासल्या, पुन्हा मोजल्या. सगळा वेळ सासूबाई मागच्या सीटवर बसून होत्या. कानसेनने त्यांच्यासाठी चहा स्वतः आणला, कपबशीतून, आणि उतरू नका म्हणून दोनदा विनवलं. तुम्ही उतरलात तर माझं माप चुकेल, म्हणाला.

रविवारी तिघं निघाली. बायको पुढे, मांडीवर मावशीसाठी धुतलेल्या चादरी. शहर मागे पडलं, पन्नास, साठ. पुलाचे खांब लांबून दिसायला लागले. जावईबापूंचं सगळं लक्ष काट्यावर. पासष्ट. सत्तर. पायाखालचा पत्रा गप्प. बहात्तर, पंचाहत्तर. आरशात मागचा ट्रक एकच दिसत होता, स्वच्छ, नंबरासकट.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आरशात सासूबाईंचा चेहरा नेहमीच्या जागी नाही, जरा वर आहे. त्यांचा एक हात दारावरच्या मुठीवर घट्ट आवळलेला, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीला. ते हात जावईबापू प्रत्येक रविवारी पाहत आले होते आणि त्यांना वाटलं होतं, थरथरीची भीती वाटत असेल. आज आरसा स्थिर होता, म्हणून नीट दिसलं. त्या सीटवर टेकलेल्याच नव्हत्या. ऑपरेशन झालेला पाय तळाला रेटून त्यांनी अंग वर उचलून धरलं होतं. ओठ मिटलेले, कपाळावर घाम.

"आई, काय करताय?"

"सत्तर आले की जरा हलकी होते," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी करते. तेवढीच मदत."

बायकोने मागे वळून पाहिलं आणि ती पुन्हा पुढे वळली नाही. असं अंग उचलून गाडीचं वजन गुंजभरही कमी होत नाही, हे शास्त्र जावईबापूंना ठाऊक होतं, आणि ते सांगायची ही वेळ नव्हती. इतक्या रविवारी, तुटलेल्या खुब्यावर, ही बाई त्यांच्या पाठीमागे अशी लटकून बसली होती, आणि ते तिच्यापासून तिचंच वजन लपवत होते.

"आई, बसा," ते म्हणाले. "सगळं वजन टाका. ही गाडी आता तुमच्या वजनावरच बेतलीय."

"टाकू?"

"टाका."

त्या हळूहळू खाली आल्या. सीटच्या जुन्या स्प्रिंगा एकदा करकरल्या. जावईबापू कान देऊन ऐकत राहिले. पूल आला, गेला.

"वाजतंय का काही?" मागून विचारणा झाली.

"काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी काटा ऐंशीला नेला. सासूबाई थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी दारावरची मूठ सोडली.